पुढचे शॉकअप आणि तुमची मनगटे

आरोग्याच्या सदरात मोटारसायकलच्या स्प्रिंगांचे काय काम, असे काही वाचक विचारतील. विचारणे रास्त आहे. पण तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरने महिन्याभराचे केसपेपर काढून पाहिले, तर मान, खांदा, मनगट आणि कंबर धरून येणाऱ्या चाळिशीपुढच्या पुरुषांत एक गोष्ट समान दिसते. त्यातले बरेच जण रोज दोन-तीन तास मोटारसायकलवर असतात, आणि ती मोटारसायकल बहुधा त्यांच्या थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठी असते. शिक्षक, ग्रामसेवक, विमा एजंट, औषधांचे विक्रेते, दूधवाले. पंधरा वर्षे झाली, पुन्हा पाच वर्षांचे पासिंग करून घेतले आणि गाडी चालूच आहे.

अशा रुग्णाला मी वय, वजन, साखर, रक्तदाब विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारतो. गाडी कोणती? किती सालची? पुढचे शॉकअप शेवटचे कधी उघडले होते? पहिल्या दोहोंची उत्तरे झटकन येतात. तिसऱ्याला लोक हसतात. इंजिन ऑइल वेळेवर बदलतात, चेन घट्ट करतात, हवा भरतात. "शॉकअप पण उघडायचं असतं होय, डॉक्टर?" हा उलट प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आज त्यावरच लिहावे म्हटले.

आपण ज्याला पुढचे शॉकअप म्हणतो ते म्हणजे दोन दुर्बिणी समजा. वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत सरकते. आत एक लांब स्प्रिंग असते आणि थोडे तेल असते. या रचनेची, म्हणजे तेलाने झटका शमवणाऱ्या दुर्बिणीसारख्या फोर्कची पहिली कारखानी मोटारसायकल जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९३५ साली आणली. पुढे सगळ्या जगाने तीच उचलली. आपल्याकडे १९८५ साली आलेली सीडी १००, त्याच वर्षीची आरएक्स १००, १९९४ सालची स्प्लेंडर, बुलेट, या सगळ्यांचे पुढचे पाय याच जातीचे.

स्प्रिंग आणि तेल यांची कामे वेगळी आहेत, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. वजन तोलून धरते ती स्प्रिंग. तेल वजन तोलत नाही. दबलेली स्प्रिंग उसळी मारते, त्या उसळीला लगाम घालण्याचे काम तेलाचे. तेल बारीक भोकांतून ढकलले जाते आणि झटक्याची ताकद तिथे खर्ची पडते. म्हणून "शॉकअप बसलेत, जाड तेल टाका" हा गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला अर्धवट आहे. जाड तेलाने शॉकअप सावकाश बसतील, पण बसायचे तिथेच बसतील. शिवाय एकामागून एक बारीक खड्डे आले की जाड तेलामुळे फोर्क पुरता वर यायच्या आत पुढचा झटका येतो आणि तो सरळ हातात जातो.

स्प्रिंग म्हातारी होते म्हणजे काय होते? लोकांचा समज असा की ती मऊ पडते. खरे पाहता पोलादाचा ताठपणा वर्षांनी फारसा उतरत नाही. स्प्रिंग उतरते ती लांबीने. वीस वर्षे दबून दबून ती कायमची काही मिलिमीटर आखूड होते. मग गाडीचे नाक तेवढे खाली येते आणि खड्ड्यासाठी राखून ठेवलेली जागा आधीच खर्च होते. आमच्या मणक्यांमधल्या गाद्यांचेही वयानुसार असेच होते, पण ते आता नको, विषय लांबेल.

दुसरे कारण गाडीत नसून मालकात असते. गाडी घेतली तेव्हा मालक ५८ किलोचा होता, आता ९० किलोचा आहे. लग्न झाले, मुले मोठी झाली, ती मागे बसू लागली. स्प्रिंग मात्र कारखान्याने बेताच्या वजनाच्या माणसाचा विचार करून दिलेली.

एका पिग्मी एजंटाचे उदाहरण सांगतो. वय ५२, वजन ९२ किलो, गाडी १९९८ सालची स्प्लेंडर. सकाळी आसपासची तीन गावे, संध्याकाळी बाजारपेठेतली दुकाने, असा रोजचा साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा. गाडी विकायचे नाव नाही, कारण नवी घेतली तर हप्ता भरायचा आणि कमिशन तर होते तेवढेच. तक्रार उजव्या मनगटाची आणि दोन्ही खांद्यांची. तळहाताच्या मनगटाजवळच्या उंचवट्यावर दाबले की कळ येई. पाच-सहा महिने वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने चालू होत्या आणि त्यांनी पित्ताचा त्रास जोडीला आणला होता. मग एके दिवशी रस्त्यात कुत्रे आडवे आले, त्यांनी पुढचा ब्रेक आवळला, गाडीचे नाक खाली आपटले, पुढचे चाक घसरले आणि डाव्या कॉलरबोनचे दोन तुकडे झाले. सहा आठवडे हात गळ्यात. पिग्मीचा धंदा असा की रोज दारात माणूस दिसला नाही तर खातेदार दुसऱ्याकडे जातो. त्या सहा आठवड्यांत त्यांची किती खाती गेली, हे त्यांनी मला हाडाच्या दुखण्याआधी सांगितले.

पडण्याचे कारण शॉकअपच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रस्त्यावर वाळू होती म्हणतात. पण ब्रेक लावल्यावर काय होते ते पाहा. गाडी सुमारे ११० किलोची, स्वार ९२ चा. जोराचा ब्रेक दाबला की मागच्या चाकावरचा भार पुढच्या चाकावर सरकतो. किती, ते वेग किती जोराने कमी होतो, वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि दोन चाकांमध्ये अंतर किती, यावर ठरते. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचा ब्रेक, वजनाचा मध्य साठ सेंटिमीटरवर आणि चाकांतले अंतर सव्वा मीटर धरले, तर हा आकडा पन्नास किलोच्या घरात जातो. हे पन्नास किलो क्षणार्धात पुढच्या दोन स्प्रिंगांवर येतात. स्प्रिंग आधीच निम्मी दबलेली असेल तर ती तळाला टेकते. टेकली की फोर्क हा फोर्क राहत नाही, सरळ लोखंडी कांब होते. त्याच क्षणी चाकाखाली खडा किंवा खड्डा आला तर चाकाला वर जायला जागा नाही, मग ते रस्त्यावरून उडते आणि ब्रेक लागलेले चाक पकड सोडते. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक जोडून लागण्याची आणि त्यापुढे चाक न अडकू देण्याची यंत्रणा सक्तीची झाली. जुन्या गाड्यांना यातले काही नाही. तिथे सारी भिस्त टायर, ब्रेक आणि शॉकअप यांच्यावर.

आता शरीराकडे येऊ. बसलेल्या माणसाचे धड हेही एक प्रकारे स्प्रिंगवरचे वजनच आहे. सेकंदाला चार ते सहा वेळा वर-खाली हलवले तर ते सर्वात जास्त हलते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो वाढत जातो, तसे. पाठीचे स्नायू अशा वेळी मणके सावरण्यासाठी सतत आखडलेले राहतात आणि संध्याकाळपर्यंत थकतात. नीट जुळलेली गाडी सेकंदाला दोनएक वेळा सावकाश झुलते. ती पाठीला मानवते. फार कडक गाडी त्या चार-सहाच्या घराजवळ जाते. म्हणून स्प्रिंग बदलायची म्हणजे मिळेल ती सर्वात कडक घालायची, असे मुळीच नाही. माझ्या एका साठ किलोच्या तरुण रुग्णाने बुलेटवाल्या मित्राच्या नादाने कडक स्प्रिंगा घातल्या आणि महिन्याभरात मानदुखी घेऊन आला. त्याला जुन्याच परत घालायला सांगितल्या. औषधाच्या मात्रेसारखेच हेही वजन पाहून द्यायचे असते.

हातांचे गणित निराळे. पुढच्या फोर्कचा झटका हँडलमधून तळहाताच्या बुडाशी येतो. तिथेच मनगटाच्या बोगद्यातून एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यांची संवेदना त्याच्याकडे. फोर्क खाली बसला की गाडी पुढे झुकते, स्वाराचे वजन पाठीवरून हातांवर येते, मनगट मागे मुडपते, बोगदा अरुंद होतो. रात्री झोपेत बोटे बधिर होऊन जाग येते आणि माणूस हात झटकतो, ही त्या दुखण्याची जुनी ओळखीची खूण.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. हँडल धरले की जी बारीक झिणझिण जाणवते, ती इंजिनाची. ती फार जलद होते आणि तिच्यावर शॉकअपचा काही इलाज चालत नाही. इंजिनाचे बोल्ट ढिले आहेत का, हँडलच्या टोकाची वजने पडली आहेत का, मुठीचे रबर दगडासारखे झाले आहे का, हे त्यासाठी पाहायचे. खड्ड्याचा दणका म्हणजे स्प्रिंगचे काम, झिणझिण म्हणजे इंजिनाचे. दोन्ही एकदम असू शकतात.

आधी निदान, मग स्प्रिंग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचे गॅरेज आहे ते मिस्त्री माझे तीस वर्षांचे रुग्ण. ते म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं ताप म्हणून येतात तसं आमच्याकडं शॉकअप म्हणून येतात." खरे आहे. पुढून ठक ठक आवाज येतो तो पुष्कळदा कोनसेटचा असतो. पुढचे चाक वर उचलून फोर्कची खालची टोके धरून मागे-पुढे हलवली की ढिलाई हाताला कळते. वरच्या नळीवर तेलाचा पट्टा आणि धूळ चिकटलेली असेल तर सील गेले. तेल गळाले की स्प्रिंग चांगली असूनही गाडी घोड्यासारखी उसळते. हे तेल घरंगळत पुढच्या ब्रेकपर्यंत गेले तर धोका आणखी मोठा. काही वेळा तर टायरमध्ये चाळीस पौंड हवा भरून ठेवलेली असते आणि दोष शॉकअपला.

एक दूधवाले आले होते. मागे दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचे दोन कॅन. कंबर धरलेली, हात बधिर. कोणी तरी सांगितले म्हणून पुढच्या कडक स्प्रिंगा घालायला पैसे साठवून बसलेले. मी म्हटले, "काका, आधी मिस्त्रींना दाखवा, मग खर्च करा." मिस्त्रींनी नळ्या काढल्या आणि काचेवर ठेवून गोल फिरवल्या. एक डुगडुगली. सहा महिन्यांपूर्वी बैलगाडीला धडक बसली होती, त्यात नळी वाकली होती आणि तेव्हापासून आत अडकत होती. स्प्रिंग धडधाकट. वाकलेली नळी ठोकून सरळ करून देणारे भेटतात. त्यांनी नवीच घातली, आणि ते बरे केले. शिवाय मागे ऐंशी लिटर दुधाचे ओझे असताना मागच्या शॉकअपची खाच सर्वात मऊवर होती. ती तीन घरे वर केली. याला पैसा एक लागला नाही. कंबरेला आराम पडला तो या खाचेने.

हे मुद्दाम सांगतो. कंबरदुखीत मागच्या शॉकअपचा आणि सीटच्या फोमचा वाटा मोठा असतो, पुढच्याचा कमी. पुढच्याचा संबंध हात, खांदे, मान आणि मुख्य म्हणजे ब्रेक यांच्याशी.

स्प्रिंग खरोखर उतरली आहे का, हे घरी मोजता येते. तिघे माणसे, एक मोजपट्टी आणि वह्या बांधायला वापरतात तसला प्लास्टिकचा एक केबल टाय एवढे पुरे. गाडी डबल स्टँडवर लावून मागे वजन देऊन पुढचे चाक अधांतरी करा. चकचकीत नळीचा दिसणारा भाग मोजा. रबरी टोपण असेल तर वर सरकवा. मग गाडी जमिनीवर घ्या, मालकाने रोजच्या कपड्यांत, रोजची पिशवी घेऊन बसावे, एकाने मागून गाडी सरळ धरावी, दुसऱ्याने पुन्हा मोजावे. घर्षणामुळे माप फसवते, म्हणून एकदा हँडल दाबून हळूच सोडून आणि एकदा वर उचलून हळूच सोडून, अशी दोन मापे घ्यावीत आणि मधला आकडा धरावा. दोन्ही स्थितींतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती बसला ते. फोर्कच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा तो असावा. एकूण हालचाल ११० मिलिमीटर असेल तर २८ ते ३६ मिलिमीटर. आता केबल टाय नळीला खालच्या भागाला टेकवून घट्ट बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. टाय जिथवर ढकलला गेला तिथवर फोर्क दबला. साध्या फेरीतच तो टोकाला गेला, तर जागा शिल्लक नाही असे समजा.

पिग्मी एजंटांच्या गाडीचा फरक भरला ५५ मिलिमीटर. म्हणजे निम्मा फोर्क नुसते बसण्यातच संपला.

मिस्त्रींनी जुन्या स्प्रिंगा काढून वर्तमानपत्रावर नव्या स्प्रिंगांशेजारी मांडल्या. जुन्या १२ मिलिमीटर आखूड निघाल्या. नव्या, कंपनीच्याच, घालून मोजले तर ४२. सुधारले, पण ९२ किलोला पुरेसे नव्हे. इथे दोन वाटा असतात. पहिली, स्प्रिंगच्या वर पाइपचा तुकडा किंवा जाड वायसर ठेवून तिला आधीच थोडी दाबून बसवायचे. याने गाडीचे नाक वर येते, पण स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही वाढत नाही. पहिला मिलिमीटर दाबायला जेवढे वजन लागे, तेवढेच पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला. नुसत्या आखूड झालेल्या स्प्रिंगला हा उपाय चालतो. वजन वाढलेल्या मालकाला तो पुरत नाही. त्याला दुसरी वाट, म्हणजे जाड तारेची स्प्रिंग.

या तारेचा हिशेब आम्हा डॉक्टरांना फार ओळखीचा आहे. रक्तवाहिनी किंचित अरुंद झाली तरी रक्तप्रवाह फार घटतो, कारण तो आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. स्प्रिंगचा कडकपणाही तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. ४ मिलिमीटरच्या तारेऐवजी ४.२ ची घेतली, बाकी सगळे तेच ठेवले, तर डोळ्याला फरक दिसणार नाही, पण स्प्रिंग २१ टक्के कडक होते. म्हणून दुकानात "थोडी जाड द्या" म्हणून भागत नाही. जुनी स्प्रिंग बरोबर न्या, व्हर्नियरने तार मोजा, वेढे मोजा, बाहेरचा घेर आणि लांबी मोजा. वेढे कमी केले तरी कडकपणा वाढतो. पन्नास वेढ्यांतले दहा कापले तर उरलेली स्प्रिंग सव्वापट कडक. काही जण हेच करतात. पण ग्राइंडरने कापताना टोक तापून पोलादाचे पाणी उतरते, आणि वेढे कमी झाल्याने पुरते दाबण्याआधीच ते एकमेकांना चिकटतात. मग तळ लवकर लागतो, म्हणजे मूळ दुखणे परत. मला हा प्रकार पसंत नाही.

शहरातून थोड्या जाड तारेची जोडी मागवली. घातल्यावर फरक भरला ३३.

उघडताना

आता माझ्या खात्यातली गोष्ट. फोर्कच्या वरचा नट उघडणे हे काम वाटते तितके साधे नाही. त्याच्याखाली दबलेली स्प्रिंग असते. शेवटचा आटा सुटताच नट बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, आणि पान्हा धरणारा बरोबर त्याच्यावर तोंड करून वाकलेला असतो. भुवई फाटलेली, दात पडलेला आणि एकदा डोळ्याच्या बाहुलीत रक्त उतरलेला, असे तिघे माझ्याकडे आलेले आहेत. तिघेही घरच्या घरी करणारे. म्हणून चाक अधांतरी करून फोर्क पूर्ण लांब होऊ द्यावा, त्यामुळे दाब कमी होतो. नटाला आवळणारा वरच्या पट्टीचा बोल्ट आधी ढिला करावा. तळहाताने कापडावरून नट दाबून धरून शेवटचे आटे सोडावेत. तोंड बाजूला. साधा चष्मा तरी डोळ्यांवर असावा. गाडीला खालून ठोकळ्याचा पक्का आधार हवा, नाही तर दोन्ही नट काढले की गाडीचे नाक एकदम खाली बसते आणि बोट सापडते.

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलायच्या. एक नवी, एक जुनी असे कधीही नको. काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला दाट, दुसऱ्याला विरळ असतात. त्या आधी मऊ आणि पुढे कडक होत जातात, आपल्या रस्त्यांना त्या बऱ्या. त्यांचे दाट टोक वर की खाली, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, तसेच घालावे.

जुने तेल ओतले की शाईसारखे काळे निघते. नवे टाकताना दोन्ही पायांत अगदी सारखे, मिलिलिटरच्या मापाने आणि पुस्तकात सांगितलेल्या जातीचे टाकावे. बाटलीच्या टोपणाने अंदाजाने ओतण्याची पद्धत वाईट. मिस्त्रींना मी दवाखान्यातली ५० मिलिलिटरची एक सिरिंज दिली आहे, तेव्हापासून ते तिनेच तेल भरतात आणि गिऱ्हाइकाला अभिमानाने दाखवतात. तेल जास्त झाले तर वरची हवेची जागा कमी होते, फोर्क शेवटी दगडासारखा अडतो आणि सील फुटते.

काम झाल्यावर गाडीचे नाक बोटभर वर येते. त्याबरोबर हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तो त्याच दिवशी खाली करून घ्यावा. पहिले दोन दिवस सावकाश चालवावी, कारण ब्रेकची जाणीव बदललेली असते.

गतिरोधकांबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. आपल्या गावोगावी लोकांनी स्वतः ओतलेले सिमेंटचे उंचवटे तेवढेच उंच आणि हातभर रुंद असतात. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी खचवलेल्या कडा त्यात भर घालतात. अशावर जगातली कोणतीही स्प्रिंग लाजेल. तिथे वेग कमी करणे हाच उपाय, आणि ब्रेक उंचवट्याच्या आधी लावून चढताना सोडून द्यायचा. ब्रेक दाबून धरूनच चढलात तर फोर्क आधीच बसलेला असतो आणि सारा दणका मनगटात येतो. मागे गरोदर बाई बसणार असेल तर शेवटच्या महिन्यांत एसटी किंवा रिक्षा बरी. तिथे भीती स्प्रिंगची नसून पडण्याची असते.

पिग्मी एजंटांचे पुढे काय झाले? खांदे महिन्याभरात मोकळे झाले. ब्रेकला गाडी डुबकी मारत नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. तळहाताची कळ निम्म्यावर आली. पण रात्रीचा बधिरपणा गेला नाही. मज्जातंतूची तपासणी केली तर मनगटाच्या बोगद्यात दाब होताच. रक्त तपासले तर तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ निघाली. मधुमेहात हे दुखणे अधिक आढळते, थायरॉइड मंदावलेल्यांतही. त्याला स्प्रिंग काय करणार? रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, साखरेची गोळी, आणि संध्याकाळच्या फेरीतली बाजारपेठेतली दुकाने गाडी लावून चालत, असे सुरू केले. वजन ८६ वर आले आहे. ते विचारत होते, "आता जुन्या स्प्रिंगा घालू का परत?" मी म्हटले, "आणखी दहा किलो उतरवा, मग दोघे मिळून मोजू."

ज्यांची बोटे दिवसाही बधिर असतात, हातातून कप निसटतो, शर्टाची बटणे लागत नाहीत किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट होऊ लागला आहे, त्यांनी शॉकअपवर वेळ घालवू नये. तंतू फार दिवस दाबलेला राहिला तर नंतर शस्त्रक्रियेनेही पुरती ताकद परत येत नाही. कंबरेच्या दुखण्यात कळ पायात उतरून पाऊल लुळे पडू लागले, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, सीटला टेकणारा भाग बधिर झाला, तर तो तातडीचा प्रसंग आहे. रविवार असो की रात्र असो, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. आणि तिकडे मोटारसायकल चालवत जाऊ नये, कोणाची तरी चारचाकी बघावी.